समन्वय विभागात पद रिक्त आहे

वजनकाटे बनवणाऱ्या त्या कारखान्यात बजेट म्हणजे वर्षातून एकदा होणारं भांडण होतं, आणि ते सगळ्यांना मनापासून आवडत असे. प्रत्येक विभागप्रमुख आपली मागणी कागदावर लिहून मालकांच्या खोलीत जाई. लागणार असेल त्याच्या दीडपट लिहायचं, मालकांनी कपाळाला हात लावायचा, हिशेबाच्या बाईंनी त्यातला तिसरा हिस्सा कापायचा आणि मागणाऱ्याने तोंड पाडून बाहेर यायचं. बाहेर आल्यावर मात्र चहा सांगायचा, कारण हवं तेवढं बरोबर मिळालेलं असे. वजनात केसाइतकीही चूक खपवून न घेणारी ही माणसं एकमेकांना वर्षानुवर्षं दीडपट फसवत आली होती आणि त्यात कुणाचंही काही बिघडलं नव्हतं.

बिघडायला सुरुवात झाली ती थोरले मालक घरी बसले आणि धाकटे मालक खुर्चीवर आले तेव्हा. धाकट्या मालकांनी सॉफ्टवेअर आणलं. त्यात म्हणे सगळ्या विभागांचं बजेट सगळ्यांना दिसणार, सगळ्यांनी मिळून ते ठरवायचं, आणि पुढच्या वर्षी कुठे किती खर्च होणार याचा अंदाज यंत्र स्वतःच बांधणार. अंदाजात राहिलात तर तुमची ओळ हिरवी. ओलांडायला लागलात तर पिवळी. ओलांडलात तर लाल.

ते शिकवायला एक बाई आल्या. सगळ्या विभागप्रमुखांना मोठ्या खोलीत बसवलं आणि वयाचा मान म्हणून पुढच्या संगणकावर मिलिग्रॅमला बसवलं.

मिलिग्रॅम हा दुरुस्ती विभागाचा प्रमुख. कामाला लागला तेव्हा अंगाने इतका काडी होता की थोरल्या मालकांनीच त्याचं हे बारसं केलं. पुढे पोट आलं, चष्मा आला, मिशा पांढऱ्या झाल्या, तरी नाव काही सुटलं नाही. त्याच्या हाताखाली दोनच माणसं. एक मावशी, जिला मालकांपासून पहारेकऱ्यापर्यंत सगळे मावशीच म्हणत, आणि जिच्या एकटीच्या पगारावर तिचं घर चालत होतं. दुसरा पाहुणा. हा मिलिग्रॅमचा सख्खा मेव्हणा. चार दिवसांसाठी म्हणून बहिणीकडे राहायला आला तो बैठकीच्या खोलीतल्या सोफ्यावर दोन वर्षं राहिला. शेवटी मिलिग्रॅमने हातापाया पडून त्याला कारखान्यात चिकटवला, तेव्हा कुठे तो भाड्याच्या खोलीत गेला आणि सोफा मोकळा झाला. कामाला मात्र तो वाघ निघाला, हे मिलिग्रॅम बायकोसमोर कधीच कबूल करत नसे.

"सरावासाठी आपण एक नवीन विभाग तयार करू या," शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या. "काका, नाव काहीही टाका."

काहीही म्हटलं की माणसाला काहीच सुचत नाही. धाकटे मालक सकाळपासून 'समन्वय, समन्वय' करत होते, तेवढंच मिलिग्रॅमच्या डोक्यात होतं. त्याने एका बोटाने लिहिलं: समन्वय विभाग. पुढचा रकाना विभागप्रमुखाचा. तो रिकामा ठेवला तर यंत्र पुढे सरकेना, म्हणून लिहिलं: पद रिक्त. त्यापुढे रक्कम. त्याने आपल्या दुरुस्ती विभागाचा आकडा आठवला आणि हाताला सवय होती म्हणून त्याची दीडपट केली.

"वा, काका! जमलं की!" बाई म्हणाल्या. "हा नुसता सराव आहे हं. मी संध्याकाळी पुसून टाकते."

संध्याकाळी त्यांना दुसऱ्या कंपनीतून नोकरीचं बोलावणं आलं आणि त्या आनंदात त्या निघून गेल्या. पुसायचं राहिलं.

खरं बजेट भरायला सुरुवात झाली. प्रत्येकाला दुसऱ्याची दीडपट दिसली, म्हणून प्रत्येकाने आपली दुप्पट केली. यादीच्या तळाशी समन्वय विभाग निवांत बसला होता. गोदामवाल्याला वाटलं, हा धाकट्या मालकांचा लाडका बेत असणार, आपण कशाला विचारा. विक्रीवाल्या साहेबांना तेच वाटलं, फक्त त्यांनी खाली शेरा मारला: "स्वागतार्ह पाऊल." हिशेबाच्या बाईंना वाटलं, आपल्याला न विचारता विभाग निघाला म्हणजे तो फारच वरून निघाला असणार. आणि धाकट्या मालकांना वाटलं, ही बाबांची दूरदृष्टी. मग प्रत्येकाने 'सहमत' दाबलं, कारण ते दाबल्याशिवाय पुढचं पान उघडत नव्हतं. मिलिग्रॅमनेही दाबलं.

तसा तो अगदीच गप्प बसला नाही. कुणी बघत नाही असं पाहून त्याने तो विभाग पुसायला घेतला होता. यंत्राने नम्रपणे सांगितलं: हा विभाग हटवण्यासाठी विभागप्रमुखाची मंजुरी आवश्यक आहे. विभागप्रमुखाचं पद रिक्त होतं. मिलिग्रॅमने हात जोडले आणि संगणक बंद केला. कुणाच्या तरी लक्षात येईलच, असं त्याने स्वतःला समजावलं. ते कधी कुणाच्या लक्षात आलं नाही.

वर्ष सरत आलं तेव्हा मोठ्या खोलीत मीटिंग भरली. भिंतीवरच्या पडद्यावर सगळ्या ओळी झळकल्या. गोदाम पिवळं, विक्री लाल, रंगकाम लाल, आणि दुरुस्ती तर अशी लालभडक की तिच्याकडे बघवेना. त्यात मिलिग्रॅमचा काय दोष? थोरल्या मालकांनी आपल्या प्रत्येक काट्याच्या बुडाला पितळी पट्टी ठोकली होती: 'आयुष्यभर मोफत दुरुस्ती.' काट्याच्या आयुष्यभर की गिऱ्हाइकाच्या, ते लिहिलं नव्हतं, म्हणून आजोबांचे काटे घेऊन नातू यायचे. काटे काही अंदाज विचारून बिघडत नाहीत. पण यंत्राला ते ठाऊक नव्हतं, आणि पुढच्या वर्षी ही ओळ आणखी लाल होणार एवढंच त्याने वर्तवलं होतं.

सगळ्या लालीच्या तळाशी एकच ओळ हिरवीगार होती.

"हे बघा," धाकटे मालक म्हणाले, आणि त्यांचा आवाज भरून आला. "समन्वय विभाग. वर्षभरात एक पैसा जास्त नाही. तक्रार नाही, आरडाओरडा नाही, मीटिंगमध्ये रडगाणं नाही. यांच्याकडून शिका."

कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मग सगळ्यांनीच वाजवल्या. मिलिग्रॅमनेही वाजवल्या. हात खाली येतात न येतात तोच मालक म्हणाले, "म्हणून मी ठरवलंय, नव्या वर्षापासून दुरुस्ती विभाग बंद. त्यांची रक्कम समन्वयला द्यायची. पैसा जिथे शिस्त आहे तिथे जायला हवा."

मिलिग्रॅमने सहज एका बोटाने जन्माला घातलेलं पोर आता त्याचीच भाकरी खायला उठलं होतं.

घरी येऊन त्याने बायकोला सगळं सांगितलं. पाहुणा नेहमीप्रमाणे जेवायला आलेला होताच.

"अहो, मग सांगून टाका ना सरळ, सरावाचं होतं म्हणून," बायको म्हणाली. "चूक काय तुमची? पुसायचं त्या बाईंनी होतं."

"वर्षभर गप्प का बसलात विचारतील."

"का बसलात?"

कारण होतं, पण ते बायकोला सांगण्यासारखं नव्हतं: सगळ्यांनी मान डोलावल्यावर आपणच कशाला ती आडवी हलवा, एवढंच.

"ते काही नाही. उद्या जाऊन सांगा. मावशींचं कसं होईल याचा विचार करा. आणि याचं," तिने भावाकडे बघितलं, मग सोफ्याकडे बघितलं. "याचं कसं होईल, ते तर मला चांगलंच माहीत आहे."

पाहुण्याने पाण्याचा पेला खाली ठेवला. "भावजी, त्या विभागात माणसं किती आहेत?"

"एकही नाही, सांगितलं ना."

"आणि पैसे?"

"भरपूर."

"मग आपणच जाऊ या की तिकडे."

"गप्प बस," मिलिग्रॅम म्हणाला. "माझी अक्कल आधीच गहाण पडलीये, तुझी नको."

दुसऱ्या दिवशी तो मन घट्ट करून धाकट्या मालकांच्या खोलीत गेला. वाक्यं पाठ करून गेला होता.

"साहेब, समन्वय विभागाबद्दल बोलायचं होतं."

मालक खुलले. "बसा, बसा. बोला."

"तिथे कुणीच नाही, साहेब."

"मला माहीत आहे."

मिलिग्रॅमच्या जिवात जीव आला. इतकं सोपं असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

"आणि तरी काम बघा!" मालक म्हणाले. "प्रमुख नाही, माणूस नाही, तरी एवढी शिस्त. तुम्हाला तिथे यायचंय ना? संकोच करू नका. तुमच्यासारख्या जुन्या माणसाला घरी पाठवायचं माझ्याही जिवावर आलं होतं. बोला, प्रमुख होता?"

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं आणि ते मिलिग्रॅमला तोंडपाठ होतं. पण त्याला मावशी दिसली. मग सोफा दिसला.

"मावशी आणि पाहुणा बरोबर आले, तर बरं होईल," तो म्हणाला.

पुढचे काही महिने त्याच्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे गेले, आणि त्याबद्दल त्याला कधी कधी लाजही वाटे. समन्वय विभागाला खिडकीची खोली मिळाली, टेबलावर फोन मिळाला आणि दाराला पांढरट काच मिळाली, जिच्यातून आतलं काही दिसत नसे. काचेच्या आड मावशीने आपले पाने, पकडी आणि स्प्रिंगांचे डबे मांडले. दुरुस्ती बंद झाल्याची पाटी फाटकावर लागली होती, पण पितळी पट्टीवर विश्वास ठेवणारी माणसं पाट्या वाचत नाहीत. पहारेकरी त्यांना हळूच सांगे, "समन्वयला जा. दुसरा मजला." मग काखेत काटा धरून कुणी म्हातारा वर येई आणि दारातच ओशाळून विचारी, "इथे समन्वय करून मिळतो का?"

"या, बसा," मावशी म्हणे. "काय, जास्त दाखवतोय की कमी?"

पण स्प्रिंगा विकत घ्याव्या लागतात. तेल लागतं, स्क्रू लागतात, तिघांचे पगार लागतात. रक्कम भरपूर होती, पण रंग ठरायचा यंत्राच्या अंदाजावरून, आणि पहिल्या वर्षी काहीच खर्च न झाल्यामुळे यंत्राने या वर्षीही जवळजवळ काहीच न लागण्याचा अंदाज बांधला होता. हिरवी ओळ आधी फिकटली, मग पिवळी पडली. मिलिग्रॅम रोज सकाळी देवाचं नाव घ्यावं तसा आधी ती ओळ बघे आणि मगच कामाला लागे. एके सकाळी ती लाल होती.

पुन्हा मीटिंग. पुन्हा तोच पडदा. धाकट्या मालकांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. घरातलं गुणी मूल बिघडल्यावर होतं तसं दुःख होतं.

"माणसं दिल्यापासून हे झालंय," ते म्हणाले. "आधी बघा, आणि नंतर बघा. यात मला दुसरं कारण दिसत नाही. म्हणून विभाग ठेवू या, माणसं काढू या."

सगळ्यांनी मान डोलावली. मिलिग्रॅम उठून उभा राहिला. मावशीने दुपारी नवऱ्याच्या औषधांसाठी आगाऊ पगार मागितला होता, आणि ती आठवण त्याला खाली बसू देत नव्हती.

"साहेब, हा विभागच खोटा आहे," तो म्हणाला. "शिकवणीच्या दिवशी सरावासाठी मी तो बनवला. या हाताने. पुसायचा राहिला. पहिल्या वर्षी खर्च झाला नाही, कारण विभागच नव्हता. बंद करायचा तर हा करा, आणि आमची दुरुस्ती आम्हाला परत द्या."

त्याला वाटलं, चला, सुटलो एकदाचे.

गोदामवाल्याने घसा खाकरला. "असं कसं म्हणता? पहिल्या वर्षी मला समन्वयची फार मदत झाली. माझा आणि रंगकामाचा वाद त्यांनीच मिटवला."

"कुणी?" मिलिग्रॅमने विचारलं.

"त्यांनीच."

"आमच्याकडे तर त्यांचा माणूस यायचा," विक्रीवाले साहेब म्हणाले. "सभ्य होता. फार बोलत नसे."

हिशेबाच्या बाईंनी वर बघितलं नाही. "मी प्रत्येक नोंद तपासल्याशिवाय सहमती देत नाही," त्या म्हणाल्या. "आणि मी सहमती दिलेली आहे."

मिलिग्रॅमला सगळं उमगलं. विभाग खोटा म्हणायचा, तर इथल्या प्रत्येकाने डोळे मिटून सही केली असं म्हणावं लागणार होतं. एका मिलिग्रॅमसाठी तेवढं कोण करणार? शिवाय तो तरी त्यांना कोणत्या तोंडाने बोलणार होता? मालकांनी पडद्यावर जुनी यादी उघडली. सहमत, सहमत, सहमत. त्यात त्याचंही नाव होतं.

"तुम्ही थकला आहात," धाकटे मालक मायेने म्हणाले. "विभाग तुम्ही सुरू केलात, हे मात्र मला नवीन आहे. निरोप समारंभात मी त्याचा उल्लेख करीन."

शेवटच्या दिवशी मिलिग्रॅमला संगणकावर एक काम उरलं होतं. तिघांना कमी करायचं, तर विभागप्रमुखाची मंजुरी हवी होती. त्या बटणाच्या शेजारीच दुसरं बटण होतं: विभाग हटवा. ते आता दबत होतं. विभागप्रमुखाचं पद रिक्त नव्हतं. प्रमुख तोच होता. बोट ठेवलं की झालं. जे एका बोटाने आणलं ते एका बोटाने जाईल आणि उद्या सकाळी भिंतीवर कुठेच हिरवं दिसणार नाही, या विचाराने त्याला इतका आनंद झाला की त्याने खरंच बोट ठेवलं.

यंत्राने विचारलं: विभाग हटवल्यास त्यातील देणी रद्द होतील. पुढे जायचे?

देणी म्हणजे मावशीची नोकरी संपतानाची रक्कम. पाहुण्याची. त्याची स्वतःचीही. ती सगळी समन्वय विभागाच्या नावावर मंजूर झाली होती. विभाग नाही, तर पैसे नाहीत.

मावशी दारात उभी होती. डब्यांची पिशवी तिच्या हातात होती. "झालं का रे?" तिने विचारलं.

"झालं," तो म्हणाला आणि मागे येऊन मंजुरीचं बटण दाबलं. सहमत. समन्वय विभागाच्या पुढे पुन्हा 'पद रिक्त' उमटलं आणि ओळ त्याच्या डोळ्यांदेखत हिरवी व्हायला लागली. त्याला रडू आलं. ते त्याने लपवलं नाही, आणि मावशीनेही बघून न बघितल्यासारखं केलं नाही.

निरोप समारंभात त्याला कारखान्याचा नवा काटा भेट मिळाला, चकचकीत, स्वयंपाकघरात ठेवायचा. तिघं तो घेऊन मिलिग्रॅमच्या घरी आले. बायकोने चहा टाकला. पाहुण्याने आधी सोफ्यावर आपली पिशवी ठेवली, ते तिने पाहिलं. मग त्याने खोका फोडला, काटा जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि खिशातून एक किलोचं वजन काढून त्यावर ठेवलं. ते खिशात कसं आलं, हे कुणी विचारलं नाही.

काट्याने वजन जास्त दाखवलं. थोडंथोडकं नाही, चांगलंच जास्त.

"जवळजवळ दीडपट," पाहुणा म्हणाला, आणि तिघंही हसायला लागले. बायकोला कळेना काय झालं ते.

मावशीने सवयीने काटा उलटा केला. बुडाला पितळी पट्टी नव्हती. तिथे कागदाची चिठ्ठी चिकटवली होती. चष्मा नव्हता म्हणून तिने काटा बायकोच्या हातात दिला.

"तक्रारीसाठी समन्वय विभागाशी संपर्क साधा," बायकोने वाचलं. "खाली फोन नंबर दिलाय."

कुणी काही म्हणायच्या आत पाहुण्याने नंबर लावून फोन टेबलावर ठेवला. घंटा वाजत राहिली. खिडकीच्या खोलीतलं ते टेबल, त्यावरचा तो फोन आणि पांढरट काचेचं बंद दार मिलिग्रॅमला लख्ख दिसत होतं. आणखी कुणी कुणी, कुठल्या कुठल्या घरांत, असाच कानाला फोन लावून बसलं असेल, हेही दिसत होतं. त्याला फार वाईट वाटलं, स्वतःपेक्षा त्या लोकांचं जास्त.

"बंद कर तो," मावशी म्हणाली. तिने पिशवीतून डबे काढून टेबलावर मांडायला सुरुवात केली होती. "आणि तू," ती मिलिग्रॅमला म्हणाली, "चहाचे कप जरा तिकडे सरकव. मला उजेड लागतो."